पाठमोरे पुरुष, बोलणाऱ्या बायका

फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस बर्लिन महोत्सवात कोरियन दिग्दर्शक होंग सांग-सू यांना ‘द वुमन हू रॅन’साठी सर्वोत्तम दिग्दर्शकाचं ‘सिल्व्हर बेअर’ मिळालं. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी ‘पॅरासाइट’ने ऑस्करचा सर्वोच्च मान पटकावला होता आणि कोरियन सिनेमा म्हटलं की वेग, धक्का, रक्त हे समीकरण जगभर पक्कं झालं होतं. त्या गदारोळात हा ७७ मिनिटांचा सिनेमा आला. नवरा कामानिमित्त बाहेरगावी गेलेला, म्हणून गाम-ही (किम मिन-ही) सोलच्या आसपास राहणाऱ्या दोन मैत्रिणींना भेटायला जाते. तिसरी अचानक भेटते. बायका जेवतात, सफरचंद कापून खातात, बोलतात. समीक्षकांची तेव्हाच दोन टोकं झाली. काहींना यात काहीच घडत नाही असं वाटलं, तर काहींनी याला होंग यांचा पहिला खरा स्त्रियांचा सिनेमा म्हटलं.

ही दुफळी समजून घ्यायची तर मागे जावं लागतं. होंग यांनी चित्रपटकलेचं शिक्षण सोल आणि अमेरिकेत घेतलं आणि १९९६ साली पहिला चित्रपट केला. पुढची वीसेक वर्षं त्यांच्या पडद्यावर बहुतेक एकच माणूस फिरत राहिला: सिनेमावाला किंवा प्राध्यापक, सोजू या कोरियन दारूच्या बाटल्या रिचवणारा, बायकांच्या मागे लागणारा आणि दुसऱ्या दिवशी ओशाळणारा. हे पुरुषांचं पितळ उघडं पाडणं आहे असं त्यांचे चाहते म्हणत. मात्र त्या कथांतल्या बायका पुरुषाच्या लाजेपुरत्याच उरतात, हा आक्षेपही तेव्हापासूनचा आहे. मला तो आक्षेप रास्त वाटतो. सुरुवातीचे चित्रपट आज पाहताना तो जास्तच टोचतो.

वळण आलं ते गाम-ही साकारणाऱ्या अभिनेत्री किम मिन-ही यांच्यामुळे. २०१५च्या ‘राइट नाऊ, राँग देन’मध्ये त्या पहिल्यांदा होंग यांच्याबरोबर आल्या आणि त्या चित्रपटाला लोकार्नो महोत्सवात ‘गोल्डन लेपर्ड’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१७ साली बर्लिनने किम यांना सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये दोघांनी सोलमध्ये पत्रकारांसमोर आपलं नातं जाहीर केलं. होंग विवाहित होते. कोरियात विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा मानणारं कलम घटनात्मक न्यायालयाने दोनच वर्षांपूर्वी, २०१५मध्ये, रद्द केलं होतं. लोकांच्या मनातून ते गेलं नव्हतं. किम यांच्यावर मायदेशी टीकेची झोड उठली. त्यानंतर या जोडीचा प्रत्येक सिनेमा कबुलीजबाब म्हणूनच वाचण्याची खोड लागली, ‘द वुमन हू रॅन’ही त्यातून सुटला नाही. ही वाचनाची पद्धत आळशी आहे. तिने बाईच्या अभिनयाकडे पाहायचंच टाळलं.

कारण पाहण्यासारखं खूप आहे. या सिनेमात तीन पुरुष येतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे बहुतेक वेळ पाठीमागून बघतो. पहिला, नवा शेजारी, घटस्फोटित योंग-सूनच्या घरी तक्रार घेऊन येतो: तुम्ही भटक्या मांजरांना खायला घालता, माझी बायको घाबरते. योंग-सूनची घरसोबतीण अतिशय नम्रपणे, एक इंचही मागे न हटता सांगते की मांजरांनाही जगायचंय. दोघंही आदबीने बोलतात, कोणी आवाज चढवत नाही, आणि तरी कुणाचं घर, कुणाचा हक्क हा सगळा झगडा तिथे उलगडतो. शेवटी कॅमेरा झूम करून पायरीजवळच्या मांजराकडे जातो. २००५पासून होंग हा झूम वापरत आलेत आणि पूर्वी अनेकांनी त्याला ओबडधोबड म्हणून नाकं मुरडली होती. याच दृश्याने त्यांतल्या बऱ्याच जणांना जिंकलं.

कौतुक करणाऱ्यांनी पाठमोऱ्या पुरुषांवर पुष्कळ लिहिलं. मला त्याहून मोलाची वाटते ती गाम-हीची पुनरुक्ती. लग्नाला पाच वर्षं झाली, आम्ही एक दिवसही वेगळे राहिलो नाही, प्रेम असलं की एकत्रच राहावं असं नवरा म्हणतो. हे ती तिन्ही मैत्रिणींना जवळपास त्याच शब्दांत ऐकवते. तिसरी मैत्रीण ऊ-जिनचा नवरा नावाजलेला लेखक आहे, गाम-हीचा जुना प्रियकर. तो जिथे तिथे तेच तेच बोलतो, मग त्यात खरेपणा कुठून असणार, असं ऊ-जिन म्हणते. गाम-ही ऐकून घेते. तिच्या संसाराबद्दल सिनेमा याहून उघडपणे काहीच सांगत नाही, आणि ज्यांना इथे काही घडलेलं दिसलं नाही त्यांच्याकडून नेमकं हेच निसटलं.

एक आक्षेप मात्र उरतो. या बायका शिकलेल्या आहेत, डोक्यावर छप्पर आहे, गाठीला पैसा आहे; बाहेर सामान्य बायकांचा जो झगडा चालला होता, तो इथे येत नाही. २०१८च्या जानेवारीत एका महिला सरकारी वकिलाने टीव्हीवर लैंगिक छळाबद्दल बोलल्यावर कोरियात ‘मी टू’ पेटलं. २०१९मध्ये एका सामान्य गृहिणीची घुसमट मांडणारा ‘किम जी-यंग, बॉर्न १९८२’ ३६ लाखांहून अधिक लोकांनी चित्रपटगृहांत पाहिला आणि त्यावरून रागाचा भडकाही उडाला. तो सिनेमा किम दो-यंग या दिग्दर्शिकेचा. ऊ-जिन साकारणाऱ्या किम से-ब्योक यांनी त्याआधी किम बो-रा यांच्या ‘हाउस ऑफ हमिंगबर्ड’मध्ये शाळकरी मुलीला समजून घेणारी शिकवणीची बाई केली होती. होंग यांचा सिनेमा या दिग्दर्शिकांच्या कामाशेजारी ठेवूनच वाचावा. बाहेरच्या समीक्षेत ते फार कमी झालं. तिथे तुलना झाली ती बहुतेक होंग यांच्याच आधीच्या चित्रपटांशी.