तुरुंगातले लिंगबदल उपचार : वादाची सुरुवात कापसाच्या गाठीपासून

कैद्यांच्या लिंगबदल उपचारांचा खर्च सरकारनं का सोसायचा, हा अमेरिकेतला वाद २०२४च्या निवडणुकीत घरोघरी पोचला. कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये एका नागरी हक्क संघटनेच्या प्रश्नावलीत अशा उपचारांना पाठिंबा दिला होता. ट्रम्प यांच्या प्रचारकांनी नेमकं तेच उचललं आणि जाहिरातींचा मारा केला. (ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या तुरुंगांत हार्मोन दिले जात होते, हे जाहिरातीत नव्हतं.) मूळ शोधत मागे गेलं तर आपण टेक्सासच्या एका तुरुंगात पोचतो, आणि तिथे लिंगभावाचा विषयच नव्हता.

नोव्हेंबर १९७३ मध्ये जे. डब्ल्यू. गॅम्बल हा कैदी ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवत होता. एक गाठ अंगावर पडली आणि पाठ धरली ती धरलीच. तीन महिन्यांत तुरुंगाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याला १७ वेळा तपासलं. दुखणं हटलं नाही, आणि कामाला नकार दिला म्हणून वर शिक्षाही झाली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याच खटल्यात तत्त्व घालून दिलं : कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीनं मनाई केलेली क्रूर शिक्षाच आहे. न्या. थर्गूड मार्शल यांचं म्हणणं साधं होतं : कोंडलेल्या माणसाला स्वतः दवाखाना गाठता येत नाही, त्यामुळे ज्यानं कोंडलं त्यानंच बघायचं. गंमत म्हणजे गॅम्बल स्वतः हरला. १७ वेळा तपासणाऱ्या डॉक्टरांनी काणाडोळा केला, असं म्हणता येईना.

सगळ्या रागाचं मूळ इथेच आहे. अमेरिकेत कायदा पाळून बाहेर राहणाऱ्याला उपचारांचा घटनात्मक हक्क नाही. तो आहे कैद्याला. विमा नसलेला माणूस हे ऐकून चिडला तर नवल नाही. पण हा हक्क कुणी लाडानं दिलेला नाही, तो कोंडण्यातूनच येतो.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत जन्माचं लिंग आणि मनातली लिंगओळख न जुळण्याच्या अवस्थेला स्वतंत्र निदान मिळालं आणि कैद्यांच्या वकिलांना गॅम्बलचं तत्त्व लावायला जागा झाली. १९८७ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयानं इंडियानातल्या एका खटल्यात सांगितलं की काही ना काही उपचार द्यावेच लागतील, मात्र कैदी मागेल तोच उपचार मिळेल असं नाही. त्यानंतरची भांडणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाली. फेडरल तुरुंगांनी ‘जैसे थे’ धोरण धरलं होतं : आत येण्याआधी जेवढे उपचार चालू होते तेवढेच चालू राहतील. ते २०११ मध्ये एका खटल्यातल्या तडजोडीनंतर सुटलं.

पैशाचा मुद्दा खरा तपासला गेला तो विस्कॉन्सिनमध्ये. त्या राज्यानं २००५ मध्ये कायदाच केला की कैद्यांच्या हार्मोनवर किंवा शस्त्रक्रियेवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. न्यायालयात हिशेब निघाला. हार्मोनचा खर्च माणशी वर्षाला ३०० ते १,००० डॉलर. त्याच तुरुंगांत सर्रास दिलं जाणारं एक मनोविकारावरचं औषध माणशी २,५०० डॉलरच्या वर. लिंगबदल शस्त्रक्रिया सुमारे २०,००० डॉलरची, तर एका कैद्याच्या हृदयाच्या बायपासवर खात्यानं ३७,२४४ डॉलर मोजले होते, आणि त्यावर कुणी कायदा केला नव्हता. २०११ मध्ये अपील न्यायालयानं हा कायदा घटनाबाह्य ठरवला. माझ्या मते ‘तिजोरीवर भार’ हा युक्तिवाद त्या दिवशी लंगडा झाला.

शस्त्रक्रियेचं गाडं मात्र अडकलं. पत्नीच्या खुनाबद्दल मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मठेप भोगणाऱ्या मिशेल कोसिलेक या ट्रान्स स्त्रीला २०१२ मध्ये न्या. मार्क वुल्फ यांनी शस्त्रक्रिया मंजूर केली. २०१४च्या जानेवारीत अपील पीठानं निकाल कायम केला, आणि डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठानं तो ३ विरुद्ध २ मतांनी फिरवला. पुरावे तेच होते. डॉक्टरांत मतभेद असताना तुरुंग खात्यानं एक बाजू निवडली तर तो काणाडोळा होतो का, एवढाच प्रश्न उरला होता. कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये तडजोड करून मार्ग काढला आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथे एका कैद्याची सरकारी खर्चानं शस्त्रक्रिया झाली. २०१९ मध्ये तर टेक्सासच्या प्रकरणात एका अपील न्यायालयानं ‘नाही’ म्हटलं आणि काही महिन्यांतच आयडाहोच्या प्रकरणात दुसऱ्यानं ‘हो’. सर्वोच्च न्यायालयानं आयडाहोची विनंती ऐकलीच नाही, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो.

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी फेडरल तुरुंगांत अशा उपचारांवर पैसा खर्च करायला मनाई करणारा आदेश काढला. तेव्हा तिथले सहाशेहून अधिक कैदी हार्मोन घेत होते. जूनमध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले न्या. रॉयस लॅम्बर्थ यांनी तूर्त हार्मोन चालू ठेवायला सांगितलं. आधार मात्र प्रशासकीय प्रक्रियेच्या कायद्याचा घेतला : बंदीमागे तुरुंग खात्यानं पुरेसा विचार केलेला दिसत नाही, इतकंच. आठव्या दुरुस्तीच्या प्रश्नात शिरायची त्यांना गरजच पडली नाही.