ओसरीवरची आजी ‘इनडोअर्स’ की ‘आउटडोअर्स’?

सांगलीजवळ हरिपूरला बहिणीकडे गेलो होतो. सहावीतली भाची इंग्रजीचा अभ्यास घेऊन बसली होती. वहीतल्या चित्रात एक म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडतेय आणि खाली दोनच पर्याय: इनडोअर्स, आउटडोअर्स. “मामा, खरं कुठलं?” समोर ओसरीवर तिची आजी शेंगा फोडत बसलेली. वर कौलं आहेत म्हणून आत म्हणावं, तर पुढे भिंत नाही.

इंग्रजीत ‘आत’चे हिशेब दोन. ‘इनसाइड’ कशालाही चालतो, डबा असो, खिसा असो की घर. ‘इनडोअर्स’ मात्र इमारतीपुरताच. हरिपूरची हळद साठवायची पेवं बघा. जमिनीत खोदलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. (‘पेव फुटलं’ आपण म्हणतो, ते असल्याच पेवावरून.) उघडल्यावर कोंडलेली हवा जाऊ देतात, मग माणूस उतरतो. तो ‘इनसाइड’ आहे, पण ‘इनडोअर्स’ नक्कीच नाही. मराठीत दोन्हीकडे एकच, आत.

शेवटच्या ‘एस’ने पोरांचे मार्क जातात. ‘इनडोअर गेम’मध्ये तो नाही, कारण तिथे शब्द विशेषण आहे, ‘प्ले इनडोअर्स’मध्ये आहे, कारण तिथे क्रियाविशेषण. हा ‘एस’ मुळात दारांच्या अनेकवचनाचा. पूर्वी इंग्रज ‘विदिन डोअर्स’ म्हणत, म्हणजे दारांच्या आत. आणि ‘डोअर’ हा आपल्या ‘दार’चा लांबचा भाऊच, संस्कृत ‘द्वार’ आणि तो एकाच कुळातले. लॅटिनमध्ये दारावरूनच ‘बाहेर’साठी ‘फोरिस’ असा शब्द झाला आणि त्यातून पुढे ‘फॉरिन’ आला. दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट परदेश!

मराठी हे काम ‘त’ आणि ‘वर’ या दोन इवल्या प्रत्ययांवर भागवते. खोलीत, माजघरात, पण ओसरीवर, गच्चीवर. गंमत अंगणाची आहे. तिथे छप्पर नाही, तरी आपण ‘अंगणात’ म्हणतो, ‘अंगणावर’ नाही. शेतात, मळ्यातही तसंच. हद्द आखलेली असली की मराठीला ‘त’ पुरतो, वर आभाळ का असेना. ‘इनडोअर्स’ला छप्पर लागतंच.

पण ‘त’चा सगळ्यात विक्षिप्त वापर अंगावर सापडतो. आपण अंगठी बोटात घालतो. खरं तर बोट अंगठीत जातं! पायात पायताण, तेही तसंच उलटं. इंग्रज अंगठी बोटा‘वर’ चढवतो. कोरियन माणूस तिसरंच बघतो: वस्तू घट्ट बसली की सैल? बोटातली अंगठी आणि खोक्यात चपखल बसलेली कॅसेट, दोन्हींना त्याचं एकच क्रियापद, ‘किदा’. परडीत सफरचंद टाकलं की क्रियापद वेगळं. सुनजा चोई आणि मेलिसा बॉवरमन या भाषा-अभ्यासकांनी 1991 मध्ये दाखवलं की कोरियन आणि इंग्रजी बोलणारी मुलं बोलायला लागतानाच आपापल्या भाषेची ही विभागणी उचलतात.

मग भाषा येण्याआधी बाळाच्या डोक्यात काय असतं? सुझन हेस्पोस आणि एलिझाबेथ स्पेल्की या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली पाच महिन्यांची बाळं घेतली. एका वस्तूचं दुसरीत एकाच तऱ्हेने बसणं, समजा घट्ट, कंटाळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाखवलं आणि मग तऱ्हा बदलली. बाळं पुन्हा टक लावून बघू लागली. घट्ट आणि सैल यांतला फरक त्यांना कळत होता, आईबापांची भाषा तो वेगळा काढत नसूनही. त्याच घरांतल्या मोठ्यांच्या मात्र तो सहजी लक्षात येत नाही. म्हणजे भेद बाळाला आधीच दिसत असतो. त्यातला कुठला जपायचा हे भाषा ठरवते, असा याचा अर्थ लावतात. मला तो पटतो.

एवढं सगळं भाचीला सांगेपर्यंत तिची पेन्सिल चावून झाली होती. शेवटी तिने आजीलाच हाक मारली, “आजी, तू आत हाईस का भाईर?”

“दारात हाय की गं,” आजी म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

वहीत दोनच गोल होते. भाचीने दोन्हींच्या मधोमध पेन्सिलीने आडवी रेघ ओढली आणि दप्तर आवरलं.