पार्श्वभूमी : प्रोसेसर ३० टक्के, तरी आवाज का तुटतो?

कॉम्प्युटरवर गाण्याचा मिक्स ऐन रंगात आलेला असतो आणि स्पीकरमधून चरचर सुरू होते. टास्क मॅनेजर उघडावा, तर आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणाऱ्या आठ भागांचा, प्रोसेसर जेमतेम ३० टक्के कामात. मग हे अडतं कुठे? उत्तर साध्या हिशोबात आहे, पण संगीत सॉफ्टवेअर त्या हिशोबाशी गेली वीस वर्षं झगडतं आहे.

आधी हिशोब. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८,००० आणि बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) ६४ सॅम्पलचा असेल, तर प्रत्येक बफर तयार करायला १.३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तो साउंड कार्डच्या हातात पडला नाही की आवाज तुटला. समजा मुख्य गायकाच्या ट्रॅकवर एवढे प्लगइन (आवाज घडवणारे किंवा बदलणारे जोड-प्रोग्रॅम) आहेत की त्यालाच ०.९ मिलिसेकंद लागतात, पुढे व्होकल बसला (गायनाचे ट्रॅक एकत्र येतात ती वाहिनी) ०.३ आणि मास्टरला (सगळं मिसळून बाहेर पडण्याचा शेवटचा टप्पा) ०.४. एकूण १.६. बस ट्रॅकची वाट पाहते, मास्टर बसची. हे काम एकामागून एकच होणार. शिवाय आणखी ३० हलके ट्रॅक प्रत्येकी ०.०५ मिलिसेकंदाचे. सगळं काम मिळून ३.१ मिलिसेकंद आणि आठ कोअरकडे मिळून वेळ साधारण १०.७. म्हणजे ३० टक्क्यांच्या आतच. तरीही ही एक साखळी मुदतीत बसत नाही.

हा पेच सुरुवातीपासून नव्हता. १९९४ साली प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची टीडीएम प्रणाली आली, तेव्हा प्लगइनचं काम मोटोरोलाच्या डीएसपी, म्हणजे ध्वनीच्या गणितासाठीच्या खास, चिप्सवर चालायचं. चिपमध्ये जागा असेल तर प्लगइन उघडणार, नसेल तर उघडणारच नाही. पण उघडला की तो गाणं संपेपर्यंत बिनबोभाट चालणार. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस व्हीएसटी हे संगीत सॉफ्टवेअर आणलं आणि तेच काम घरच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर आलं. खर्च प्रचंड उतरला, खात्री मात्र गेली. तोच प्रोसेसर स्क्रीनही रंगवतो आणि हार्ड डिस्कही वाचतो.

पहिली काही वर्षं निभावलं, कारण दर वर्षी क्लॉकचा वेग वाढत होता. आज अडणारा प्रोजेक्ट पुढच्या मशीनवर आपोआप चालायचा. ही चैन २००४ मध्ये संपली. उष्णता आवरेना, आणि इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात येण्याआधीच रद्द केला. २००५ मध्ये पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ हे दोन कोअरचे प्रोसेसर आले, २००६ मध्ये कोअर २ ड्युओ. एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरच्या सहाव्या आवृत्तीत मल्टिकोअरची सोय आली तीही २००६ मध्येच.

ट्रॅक एकमेकांपासून स्वतंत्र असतात, म्हणून कामाची वाटणी सोपी वाटली: हा ट्रॅक या कोअरला, तो त्या कोअरला. बहुतेक सॉफ्टवेअर आजही मुळात हेच करतं. पण एकाच ट्रॅकवर ओळीने लावलेले दहा प्लगइन बफरपुरते वाटून घेता येत नाहीत. दुसऱ्याला पहिल्याचा आवाज हवा. साइडचेन लावली, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजावर दुसऱ्याचा प्लगइन चालवला, की स्वतंत्र असलेले दोन ट्रॅकही एकमेकांत अडकतात. कोअर वाढले की रस्ता रुंद होतो, लांबी तेवढीच राहते.

यावरचा पहिला सल्ला ठरलेला: बफर वाढवा. वरच्या उदाहरणात २५६ सॅम्पल केले, तर मुदत ५.३३ मिलिसेकंद होईल. पण कामही चौपट होऊन साखळी ६.४ वर जाईल. चरचर तशीच. बफर वाढवण्याचा फायदा असतो तो दर बफरमागच्या ठरावीक खर्चात, आणि वायफायच्या ड्रायव्हरने मध्येच कोअर अडवून धरला तर तो धक्का सोसण्यात.

खरी सुटका झाली ती आगाऊ काम करण्याने. २००३ च्या लॉजिक ६ या सॉफ्टवेअरमधलं फ्रीज हे त्याचं ढोबळ रूप: ट्रॅक एकदा प्लगइनसकट फाइलमध्ये उतरवून ती फाइलच वाजवायची. रीपर या सॉफ्टवेअरने याहून चलाख वाट काढली. ट्रॅकवरचे प्लगइन ट्रॅक वाजण्याच्या वेळेआधीच ते चालवून ठेवतं. मूळ सेटिंग २०० मिलिसेकंदांचं. क्यूबेस ७ मध्ये २०१२ च्या अखेरीस आलेला एसिओ-गार्ड याच जातीचा. आता एक कोअर पुढच्या बफरचं व्होकलचं १.२ मिलिसेकंदांचं काम करतो, त्याच वेळी दुसरा आधीच्या बफरचा मास्टर उरकतो. दोघेही मुदतीत.

मात्र जे अजून गायलंच नाही, त्यावर आगाऊ प्रक्रिया कशी करणार? रेकॉर्डसाठी आर्म (सज्ज) केलेला आणि मॉनिटर होणारा, म्हणजे गाताना लगेच ऐकू येणारा, ट्रॅक या सवलतीबाहेर राहतो, त्याच्या पुढची बस आणि मास्टरही. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टरवरचे लिनियर-फेज इक्यू, लिमिटर असे प्लगइन बंद ठेवायचे. लॉजिकमध्ये तर सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅक नुसता निवडला तरी तो लाइव्ह धरला जातो आणि एकच कोअर तापतो. एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडून ठेवला की मीटर खाली येतो.

मधल्या काळात प्लगइननीही स्वतःचे थ्रेड (वेगवेगळ्या कोअरवर चालू शकणारे कामाचे धागे) सुरू केले. यू-ही कंपनीच्या डीव्हा या सिंथमध्ये मल्टिकोअरचं बटण आहे. कॉर्डमधले सूर शेवटी एकत्र मिसळेपर्यंत स्वतंत्र असतात, म्हणून तिथे वाटणी खरोखर जमते. कॉन्टॅक्ट या सॅम्पलर प्लगइनमध्येही तशी सोय आहे. पण होस्ट, म्हणजे प्लगइन ज्यात उघडतो ते मुख्य सॉफ्टवेअर, आधीच सगळे कोअर वापरत असेल तर दोघांचे थ्रेड त्याच कोअरसाठी भांडतात आणि मुदत चुकते. कॉन्टॅक्ट स्वतंत्रपणे चालवताना ही सोय चालू, होस्टमध्ये बंद, इथून सुरुवात करावी. एफएल स्टुडिओ या होस्टमध्ये उलटी अडचण येते: एखादा जुना प्लगइन मल्टिथ्रेडिंगमध्ये गडबडला, तर त्याच्या रॅपर (प्लगइनभोवतीची खिडकी) सेटिंगमध्ये तेवढ्यापुरतं थ्रेडेड प्रोसेसिंग बंद करता येतं. सगळ्या प्रोजेक्टचं बंद करायची गरज नसते.

२०२० मध्ये अ‍ॅपलचा एम१ आला, चार वेगवान आणि चार काटकसरी कोअरचा. पुढच्या वर्षी इंटेलच्या बाराव्या पिढीनेही तोच मार्ग धरला. आता सगळे कोअर सारखे राहिले नाहीत. मुदतीचं काम काटकसरी कोअरवर पडलं तर तेच प्लगइन जास्त वेळ घेतात. म्हणून मॅकओएस ११ मध्ये ऑडिओ वर्कग्रुपची सोय आली: हे थ्रेड एकाच मुदतीला बांधलेले आहेत, असं सिस्टिमला सांगायचं. प्लगइनने स्वतः सुरू केलेले थ्रेडही त्यात सामील व्हावे लागतात. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी मांडलेल्या क्लॅप या प्लगइन प्रकारात थ्रेड-पूलची तरतूद आहे. प्लगइन स्वतःचे थ्रेड न काढता होस्टकडे काम सोपवतो, आणि कोणता कोअर मोकळा आहे ते होस्ट ठरवतो. ही तरतूद ऐच्छिक आहे; होस्ट आणि प्लगइन दोघांनीही ती राबवली तरच तिचा उपयोग.