फेसबुकचं लॉबिंगचं बिल: २ लाख डॉलरवरून अडीच कोटीपर्यंत कसं गेलं

दर तीन महिन्यांनी बातमी येते की मेटाने, म्हणजे आपल्या फेसबुक-इन्स्टा-व्हॉट्सॲपवाल्या कंपनीने, अमेरिकेत लॉबिंगवर (कायदे-नियम आपल्याला हवे तसे व्हावेत म्हणून खासदार-सरकारचं मन वळवण्यावर) इतके लाख डॉलर घातले, आणि लगेच कोणीतरी म्हणतंच की ही तर कायदेशीर लाच. २०२४ चा आकडा होता साधारण २ कोटी ४४ लाख डॉलर. २००९ मध्ये हाच आकडा जेमतेम २ लाख होता. मधल्या काळात काय काय झालं ते बघितलं की खर्च का वाढला ते कळतं.

आधी हे आकडे बाहेर येतात कसे ते बघू. अमेरिकेत सरकारकडे गाऱ्हाणं मांडणं हा राज्यघटनेतलाच हक्क, त्यामुळे लॉबिंग बंद करता येत नाही, फक्त नोंद मागता येते. तसा कायदा १९४६ लाच झाला होता पण १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ इतका आवळला की तो नावापुरताच उरला. खरी नोंदणी सुरू झाली १९९५ च्या कायद्याने. मग जॅक अब्रामॉफ नावाच्या बड्या लॉबिस्टचं प्रकरण गाजलं, २००६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, खासदारांना फुकटच्या ट्रिपा वगैरे सगळं बाहेर आलं, आणि २००७ मध्ये नियम कडक होऊन सहा महिन्यांऐवजी दर तिमाहीला हिशोब देणं आलं.

तो फॉर्म एकदा बघण्यासारखा असतो. खर्च जवळच्या १० हजार डॉलरपर्यंत राउंड करून लिहायचा, कोणत्या बिलांवर बोललो ते लिहायचं, सिनेट की हाऊस (तिथल्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन सभागृहं) की कुठलं सरकारी खातं ते लिहायचं. पण कुठल्या सिनेटरला भेटलो हे लिहावं लागत नाही, आणि बिलाच्या बाजूने बोललो की विरोधात हे सुद्धा नाही! त्यात परत २० टक्क्यांची अट, म्हणजे एखाद्या क्लायंटसाठीच्या तुमच्या कामातला २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला जात असेल तर तुम्ही कायद्याने लॉबिस्टच नाही. वॉशिंग्टनमध्ये "सल्लागार" एवढे का पिकतात ते इथे कळतं.

याच फॉर्मांमुळे २०१२ मध्ये आपल्या संसदेत गोंधळ झाला होता, वॉलमार्टने तिकडच्या हिशोबात भारतातल्या एफडीआयचा (परदेशी गुंतवणुकीचा) विषय लिहिला होता म्हणून. शेवटी निवृत्त न्यायमूर्ती मुद्गल यांची चौकशी नेमावी लागली. आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही, त्यामुळे उलट दिशेने असं काही शोधायचं म्हटलं तर कागदच मिळणार नाही.

आता टेक कंपन्या. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्ट वॉशिंग्टनकडे फारशी फिरकतच नव्हती, आम्ही सॉफ्टवेअर बनवतो आम्हाला राजकारणाशी काय घेणं, असा एकूण तोरा. मे १९९८ मध्ये सरकारने मक्तेदारीचा खटला भरला, २००० मध्ये जजने कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी अपिलात तो हुकूम रद्द झाला पण तोवर धडा अख्ख्या सिलिकॉन व्हॅलीला मिळाला होता. त्यामुळे गुगलने आणि फेसबुकने खटल्याची वाट न बघता वॉशिंग्टनमध्ये दुकान मांडलं.

फेसबुकचा २००७ मध्ये वॉशिंग्टनला एकच माणूस होता. २०११ मध्ये प्रायव्हसीच्या तक्रारींवरून एफटीसीशी (ग्राहकांचं हित आणि मक्तेदारी बघणारी अमेरिकी सरकारी संस्था) सेटलमेंट करावी लागली, वीस वर्षं बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी. त्याच वर्षी लॉबिंग साडेतीन लाखांवरून साडेतेरा लाख डॉलरवर गेलं आणि बुशच्या व्हाइट हाऊसमधला जोएल कॅप्लन कंपनीत आला. कंपनीची नंबर दोन शेरिल सँडबर्ग तर आधीपासून होतीच, ती क्लिंटनच्या काळात अर्थखात्यात होती. म्हणजे डेमोक्रॅटिक दाराला एक किल्ली, रिपब्लिकन दाराला दुसरी.

पैसा नेमका कशासाठी लागतो याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०१३ चं इमिग्रेशन बिल. ज्या मोठ्या कंपनीत १५ टक्क्यांहून जास्त लोक एच-वन-बी व्हिसावर, तिच्यावर जादा अटी येणार होत्या, आणि फेसबुकचा त्यात नंबर लागत होता. मग बिलात एक सूट आली, की ज्यांचं ग्रीन कार्ड कंपनी स्पॉन्सर करतेय त्यांना या मोजणीत धरायचंच नाही. फेसबुक सुटलं. क्लायंटच्या ऑफिसात माणसं बसवणाऱ्या भारतीय आयटी कंपन्यांवर मात्र कुऱ्हाड तशीच, तेव्हा हिंजवडीत ऑनसाइटची वाट बघत बसलेल्यांची काय धाकधूक असेल! सिनेटमध्ये ६८-३२ ने पास झालं, हाऊसने मतालाच घेतलं नाही, म्हणून वाचले.

मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण (कोट्यवधी फेसबुक युजरचा डेटा परवानगीशिवाय या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे गेला होता) बाहेर आलं, एप्रिलमध्ये झुकरबर्ग दोन दिवस अमेरिकी काँग्रेससमोर बसला. त्या वर्षीचं लॉबिंग १ कोटी २६ लाख डॉलर, पुढच्या वर्षी १ कोटी ६७ लाख. आकडा मोठा वाटतो, पण २०१८ ची कमाई होती ५,५८० कोटी डॉलर, म्हणजे दहा हजार रुपये कमावणाऱ्याने सव्वादोन रुपये घालावेत तसं. जुलै २०१९ मध्ये एफटीसीने ५०० कोटी डॉलरचा दंड लावला, तोपर्यंतचा प्रायव्हसीतला सगळ्यात मोठा, आणि ती बातमी फुटली त्या दिवशी शेअर वर गेला. बाजाराला भीती दंडाची नव्हतीच, धंदा करायची पद्धत बदलावी लागेल याची होती, आणि ती फारशी बदलावी लागली नाही.

पुढे २०२० च्या डिसेंबरात इन्स्टा-व्हॉट्सॲप वेगळं करा म्हणून एफटीसीने खटला भरला, लहान मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं बिल जुलै २०२४ मध्ये सिनेटने ९१-३ ने पास केलं आणि हाऊसमध्ये ते अडकलं. ते फक्त मेटामुळे अडकलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, विरोध करणारे दोन्ही बाजूंचे होते. पण २०२४ मध्ये खर्च वाढला तो याच काळात. एफटीसीचा खटला मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने जिंकला, तो कोर्टात, वकिलांच्या जोरावर, आणि वकिलांची फी लॉबिंगच्या हिशोबात येत नाही.

अजून बरंच काही येत नाही. ट्रम्पच्या शपथविधीच्या फंडाला दिलेले १० लाख डॉलर त्यात नाहीत, वेगळ्या नावाच्या संस्थांना दिलेला पैसाही नाही. आणि हा हिशोब फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या पातळीवरचा, राज्यांचा नाही. मार्च २०२५ मध्ये युटाने कायदा केला की युजरचं वय तपासायचं ते ॲप स्टोअरने, म्हणजे काम ॲपल-गुगलच्या गळ्यात, मेटाला हेच हवं होतं. त्याच वर्षी एआयचे नियम राज्याराज्यांत यायला लागले तसे मेटाने राज्यांच्या निवडणुकांसाठी सुपर पॅक (निवडणुकीत पैसा ओतणाऱ्या संस्था) काढले, एकट्या कॅलिफोर्नियासाठी २ कोटी डॉलर. ते शोधायचे तर तिमाही फॉर्म सोडून निवडणूक खर्चाचे कागद चाळावे लागतात.