तार की टॉवर : घरच्या इंटरनेटची पार्श्वभूमी

घरी फायबरची तार घ्यायची की टॉवरवरून चालणारा ५जीचा डबा बसवायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत महिन्याच्या बिलावर सुटतो. पण अनेक वस्त्यांत तारेचा पर्यायच नसतो, आणि त्याचं मूळ बरंचसं २००४ सालात आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी खुलं झालेलं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. २००४ पर्यंत लँडलाइन चार कोटींच्या घरात गेल्या होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य सरकारी कंपन्यांच्या होत्या. त्या वर्षी दूरसंचार नियामकाने (ट्रायने) शिफारस केली की ही तांब्याची तार खासगी सेवादारांनाही भाड्याने देणं सक्तीचं करावं. ऑक्टोबरमधल्या सरकारच्या ब्रॉडबँड (म्हणजे वेगवान इंटरनेट) धोरणाने ती सक्ती नाकारली. आपसांत करार करा, एवढ्यावर विषय सोडला. मालक कंपन्यांचं म्हणणं होतं की आमच्या तारेवर दुसऱ्याने धंदा केला तर आम्ही नवी गुंतवणूक का करावी? शिवाय तारांच्या कित्येक जुन्या जोड्या एडीएसएलच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देण्याच्या, लायकीच्या नव्हत्या. या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं. पण त्या तारा मक्तेदारीच्या काळात पडल्या होत्या, फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या ग्राहकांच्या पैशांवर. जपान आणि फ्रान्समध्ये याच सुमारास तार खुली झाली आणि एडीएसएलचे दर झपाट्याने उतरले. आपल्याकडे धोरणाने २०१० साठी दोन कोटी जोडण्यांचं लक्ष्य ठेवलं होतं; वर्षअखेर त्या जेमतेम १.१ कोटी होत्या. सगळा दोष या एका निर्णयाचा नाही, पण मोठा वाटा त्याचाच, असं मला ठामपणे वाटतं.

‘ब्रॉडबँड’ या शब्दानेही घोळ घातला. २००४ मध्ये २५६ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट), २०१३ मध्ये ५१२, २०२३ मध्ये २ एमबीपीएस (म्हणजे सुमारे २००० केबीपीएस), अशी किमान वेगाची अट वाढत गेली. आज मोबाइलचं सिम आणि घरातली तार दोन्ही ब्रॉडबँडच. २०१६ नंतर ४जी स्वस्त झालं तसा एकूण आकडा फुगला, तारेचा मात्र मागेच राहिला.

२०२३ मध्ये आलेल्या ५जीच्या घरगुती जोडणीने गोंधळात भर घातली. नावात ‘फायबर’, पण घरापर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतून. टॉवरची क्षमता आसपासच्या सगळ्या मोबाइलांत वाटली जाते, म्हणून रात्रीच्या गर्दीत वेग उतरू शकतो. घरात येणारी फायबरही काही घरांत वाटलेली असते, पण तिच्यावर रस्त्यावरच्या मोबाइलांचा भार नसतो. जोडणी घेताना म्हणून एवढं विचारावं : भिंतीतून आत काय येणार, फायबर की फक्त अँटेनाची वायर?