राष्ट्राध्यक्ष-चरित्रलेखन (अमेरिका)

अमेरिकेच्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाचे आयुष्य मूळ कागदपत्रे, मुलाखती आणि स्थळांची प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे मांडणारा चरित्रलेखनाचा प्रकार. एका चरित्रामागे इतिहासकाराची दहा-दहा वर्षे जातात, काहींची तर सारी हयात. कामाला दोन अंगे आहेत. आधी दप्तरखान्यात एकट्याने बसायचे आणि पुस्तक निघाले की ते घेऊन गावोगाव वाचकांपुढे उभे राहायचे.

या परंपरेत विक्री आधी आली, संशोधन मागाहून. जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी धर्मोपदेशक मेसन लॉक वीम्स यांनी त्यांचे चरित्र बाजारात आणले. वीम्स फिरते पुस्तकविक्रेतेही होते. गाडीत पुस्तके भरून स्वतः विकत. लहानग्या वॉशिंग्टनने चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि वडिलांपुढे खरे सांगितले, ही गोष्ट त्यांनी १८०६ च्या आवृत्तीत घातली. तिला पुरावा नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या मुले ती शाळेत शिकली. पुढच्या चरित्रकारांना अशी बखर उलगडून माणूस शोधावा लागला.

अब्राहम लिंकन यांची १८६५ मध्ये हत्या झाल्यावर त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्न्डन यांनी नातेवाईक, शेजारी, जुने सोबती अशा कितीतरी जणांना पत्रे लिहिली, भेटून आठवणी उतरवून घेतल्या. आज ज्याला मौखिक इतिहास म्हणतात, त्याचा हा मोठा आरंभ. लिंकन यांचे खासगी कागद मात्र त्यांचा मुलगा रॉबर्ट याने लिंकन यांचे सचिव जॉन निकोले आणि जॉन हे यांना दिले आणि त्यांचा मजकूर छपाईआधी स्वतः तपासला. त्यांचे दहा खंड १८९० मध्ये निघाले. बाकीच्या अभ्यासकांना ते कागद १९४७ पर्यंत पाहायला मिळाले नाहीत. कुटुंबाची मर्जी राखली तर दप्तर उघडते, पण लेखणीला लगाम बसतो. ही अडचण तेव्हापासूनची आहे.

ती पुष्कळशी कमी झाली ती अध्यक्षीय ग्रंथालयांमुळे, म्हणजे एकेका अध्यक्षाचे कागद जपून अभ्यासकांना खुल्या करणाऱ्या दप्तरखान्यांमुळे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपले कागद राष्ट्राला दिले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावचे ग्रंथालय १९४१ मध्ये उघडले. १९७८ च्या कायद्याने रेगन यांच्यापासून पुढच्या अध्यक्षांचे सरकारी कागद ही जनतेची मालमत्ता ठरली.

नुसती परवानगी मिळून भागत नाही, हे एडमंड मॉरिस यांच्या अनुभवावरून दिसते. रेगन यांनी त्यांना अधिकृत चरित्रकार म्हणून जवळ येऊ दिले. मॉरिस यांना मात्र तो माणूस उलगडेना. अखेर १९९९ च्या चरित्रात त्यांनी स्वतःसारखा एक काल्पनिक निवेदक घातला आणि मोठा वाद उठला. टीकाकारांचा राग रास्त होता. चरित्राच्या वाचकाला प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवता आला पाहिजे.

डेव्हिड मॅकलॉ (१९३३–२०२२) यांनी हॅरी ट्रूमन यांच्यावर दहा वर्षे घालवली. १२ एप्रिल १९४५ रोजी व्हाइट हाउसचे बोलावणे येताच ट्रूमन संसदभवनाच्या ज्या मार्गिकांतून धावत गेले, तिथून मॅकलॉ स्वतः धावून आले. वाचकांपर्यंत जाण्यातही त्यांचा हात धरणारा विरळा. माहितीपटाचे निवेदक म्हणून त्यांचा आवाज घरोघरी पोचलेला होता. जॉन ॲडम्स यांचे चरित्र २००१ मध्ये निघाले तेव्हा राजधानीत ॲडम्स कुटुंबाचे स्मारक व्हावे म्हणून ते संसदेच्या समितीपुढेही बोलले. त्या काळात दूरचित्रवाणीवर ब्रायन लँब एका लेखकाशी तासभर फक्त पुस्तकावर बोलत. चरित्रकाराला असा निवांत तास मिळणे ही फार मोलाची गोष्ट होती.

रॉबर्ट कॅरो (जन्म १९३५) यांचे काम या साऱ्यांत वेगळ्या उंचीचे आहे. तरुणपणी वार्ताहर असताना संपादकाने त्यांना बजावले होते, काही गृहीत धरू नकोस, प्रत्येक पान उलट. १९७० च्या दशकात ते लिंडन जॉन्सन यांच्या चरित्राकडे वळले. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयात लाल कापडी पेट्यांच्या चळती होत्या, सुमारे ४०,००० पेट्या, तीन कोटींहून अधिक कागद. सगळे पाहणे एका जन्मात शक्य नव्हते. जॉन्सन तरुण खासदार असतानाच्या पेट्या मात्र त्यांनी नेटाने पालथ्या घातल्या. त्यांत ऑक्टोबर १९४० ची एक तार निघाली आणि टेक्सासच्या कंत्राटदारांचा पैसा जॉन्सन यांच्यामार्फत कसा वाटला गेला, याचा माग लागला.

जॉन्सन जिथे वाढले त्या टेक्सासच्या डोंगराळ मुलखातली, हिल कंट्रीतली माणसे न्यूयॉर्कच्या पाहुण्याशी मोकळी होईनात, तेव्हा कॅरो आणि त्यांच्या पत्नी आयना तिथेच जाऊन सुमारे तीन वर्षे राहिले. आयना याच त्यांच्या एकमेव संशोधन-साहाय्यक. घरी केलेला अंजिराचा मुरंबा घेऊन त्या शेतकरणींच्या दारी जात. वीज येण्याआधी पाणी कसे काढायचो, हे सांगताना एका वृद्धेने अडगळीतली जुनी बादली आणून कॅरोंच्या हाती दिली आणि विहिरीवर नेले. त्यांनी ती भरून ओढली. बादली जड होती, फार जड. त्या बायकांच्या पाठी का वाकल्या आणि वीज आणणाऱ्या जॉन्सनना त्या इतके का मानत, हे त्यांना त्या ओढीत कळले.

जॉन्सन यांचे धाकटे भाऊ सॅम ह्यूस्टन रंगवून रंगवून किस्से सांगत. जॉन्सन सिटीतल्या त्यांच्या बालपणीच्या घराचे संग्रहालय झाले होते. ते पाहुण्यांसाठी बंद झाल्यावर कॅरो त्यांना तिथे घेऊन गेले. जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या जुन्या जागी बसवले आणि स्वतः नजरेआड मागे बसले. वडील आणि लिंडन यांची भांडणे जशीच्या तशी बाहेर पडू लागली. मग नेहमीचे गोड किस्से पुन्हा सांगा म्हटल्यावर भाऊ म्हणाले, सांगता येत नाहीत. तसे कधी घडलेच नव्हते.

या चरित्राचे चार खंड १९८२, १९९०, २००२ आणि २०१२ मध्ये निघाले; तिसऱ्याला पुलित्झर मिळाले. नव्वदीला टेकल्यावरही कॅरो पाचव्यावर काम करत होते. त्या खंडात व्हिएतनामचे युद्ध येते, म्हणून ती भूमी पाहायला जायचे त्यांनी मार्च २०२० मध्ये ठरवले होते. करोनाच्या साथीने तो बेत राहिला.