उत्तरसूचीत 8 आणि 1, वहीत 4 आणि 7

(नववी-दहावीच्या पालकांसाठी, मुलांनीही वाचायला हरकत नाही)

दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांच्या बेरजेत मांडायचा, हा भाग सुरू झाला की क्लासचा फोन वाजायला लागतो. "सर, उत्तरसूचीत 8²+1² आहे, हिचं 4²+7² आलंय. तुम्ही बरोबरची खूण कशी केलीत?"

बरोबर आहे म्हणून केली. गणित होतं (1²+2²)(2²+3²), म्हणजे 5 × 13. 64 अधिक 1 करा नाहीतर 16 अधिक 49, पासष्टच येतात. सूत्र असं:

(अ²+ब²)(क²+ड²) = (अक−बड)² + (अड+बक)²

यातल्या वजाचं अधिक आणि अधिकचं वजा केलं की दुसरं उत्तर मिळतं. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये याहून व्यापक सूत्र देऊन ठेवलंय, तेव्हा हे काही आमच्या क्लासचं खूळ नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. घाईत मुलं दोन्ही कंसांत अधिक लिहितात. मग होतं 8²+7², म्हणजे 113. हे 48 जास्तीचे कुठून आले? कंस सोडवताना प्रत्येकातून 2अबकड निघतं, इथे 24. एक अधिक, एक वजा असेल तर ती दोन्ही पदं उडतात. दोन्ही अधिक असतील तर 24 दुणे 48 गळ्यात पडतात. बरं, चूक पहिल्याच ओळीत आणि खालचं पान अगदी नीटनेटकं. ती शोधायला आम्हाला अख्खं पान उलटं वाचावं लागतं.

अशा गणिताला आम्ही शून्य देतो. "पायऱ्यांचे तरी द्या" म्हणतात. देतो, पण समासात आकडे घालून केलेला पडताळा असेल तरच. पडताळा जुळला नाही आणि मुलाने तसं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी निम्मे गुण. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एखादं चौकस पोर विचारतं, तीन वर्गांचं असं सूत्र का नाही? 3 म्हणजे 1+1+1, 5 म्हणजे 4+1+0. गुणाकार 15, आणि 15 काही केल्या तीन पूर्ण वर्गांत बसत नाही. चार वर्गांना मात्र जमतं, ते ऑयलरने 1748 मध्ये दाखवलं. ते आम्ही शनिवारच्या ऑलिम्पियाड बॅचला शिकवतो. पहिल्या तासाला फी नाही, बसून पाहा. येताना कच्च्या कामाची वही आणावी, फक्त पक्की नको.